लेकीचं हॉटेल

आमच्याकडे 'हॉटेल' म्हणजे चहा-भजीचं दुकान. बाहेर कढई, आत लाकडी बाकं आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. त्यामुळे मी बी. कॉम. होऊन सुरतेला हॉटेलात लागले तेव्हा गावाने एवढंच समजून घेतलं की शिकल्यासवरल्या पोरीला कपबश्या विसळायला लावलंय. पुढे मी हिशेबाच्या खात्यात गेले, तिथे वर चढले, आणि कुणी विचारलं की 'फायनान्सला आहे' असं सांगायला लागले. ते तर आणखीच वाईट निघालं. शहादा तालुक्यात फायनान्सवाला म्हणजे हप्ता थकला की चौकातून मोटारसायकल उचलून नेणारा माणूस. एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या काकांनी मोठ्याने विचारलं, "आते लगून कितल्या गाड्या उचल्यात व तू?" पंगत हसली, मीही हसले. मी काय काम करते हे समजावून सांगायचा नाद त्या दिवशी सोडून दिला.

खरं तर समजावण्यासारखं त्यात फार काही नाहीही. मी सुरुवात केली ती लिनन रूममध्ये. तळघरातली खोली, शेजारी धुलाईची यंत्रं, सगळीकडे वाफ, आणि दिवसभर चादरी, अभ्रे, टॉवेल मोजायचे. वर गेले किती, खाली आले किती, डागाळले किती, गायब किती. पाहुणे टॉवेल चोरतात हे मला तिथे कळलं, आणि चांगल्या घरचे जास्त चोरतात हेही. तिथून स्टोअरमध्ये गेले. स्टोअरमधून कॉस्ट कंट्रोलला, म्हणजे स्वयंपाकघरात आलेली कोथिंबीर ताटात किती गेली आणि कचऱ्यात किती, याच्यामागे हात धुऊन लागायचं. आचारी लोक मला पाठीमागे शिव्या घालायचे, एकदोघे तोंडावरही. मग अकाउंट्स, मग नोकरी सांभाळून दिलेल्या परीक्षा, दुसरं हॉटेल, तिसरं हॉटेल, आणि आता एका कंपनीच्या सगळ्या हॉटेलांचा महिन्याचा हिशेब माझ्या सहीने बंद होतो. लोक म्हणतात, कुठून कुठे पोचलीस. मला विचाराल तर मी अजून टॉवेलच मोजते, फक्त आता ते हातात येत नाहीत. तेव्हा निदान रात्री झोप तरी लागायची.

मध्ये लग्न झालं. नवरा सुरतेचाच, कापडाच्या धंद्यातला, शांत माणूस. मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, मग दोघांनीही तो विषय गुंडाळून ठेवला. इथे तो काढते आहे त्याला कारण आहे. आमच्याकडे जुन्या लोकांत रीत आहे की लेकीच्या घरचं खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. लेक दिली म्हणजे दिली, दिलेल्या ठिकाणाहून परत काही घ्यायचं नसतं. तिला मूल झालं की मग मोकळीक. नातवाच्या घरी आजोबा पोटभर जेवतो, कुणी काही म्हणत नाही. बहुतेक बापांना वर्ष-दोन वर्षं कळ काढावी लागते. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, माझ्या लग्नापासून कळ काढतायत. सुरतेला येतात, सोफ्याच्या कडेला बसतात, पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढतात, दोन घोट पितात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. माय गेली तीही माझ्या घरचा घोटभर चहा न पिता गेली. मला घालूनपाडून कुणी कधी बोललं नाही, आमचं घर तसं नाही. पण आबांनी ती बाटली काढली की जे कुणी बोललं नव्हतं ते मला स्पष्ट ऐकू यायचं. मग मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी धूत बसायची.

अलीकडे आमच्या कंपनीने नंदुरबारला हॉटेल काढलं. मालकांना कुणीतरी सांगितलं होतं की सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला कुठून कुठून माणसं येतात. येतात, खोटं नाही. पण होळी एक रात्र असते आणि हॉटेलाला खोल्या वर्षभर भराव्या लागतात. तो मेळ बसवायला काही महिन्यांसाठी मला पाठवलं, "तुमचाच जिल्हा आहे ना" असं म्हणून. वरच्या मजल्यावरची एक खोली मला दिली. अशा खोल्यांत आयुष्य गेलं माझं. सगळ्या खोल्यांचा वास एक, साबण एक, आणि सकाळी जाग आली की क्षणभर गाव कोणतं ते कळत नाही. या वेळी मात्र वाऱ्याबरोबर मिरचीच्या पथाऱ्यांचा खाट यायचा. शहराबाहेर मैलभर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि नाक चुरचुरलं की मला पक्कं कळायचं की मी घराजवळ आहे.

त्याच हिवाळ्यात आबांचा मोतिबिंदू पिकला. नंदुरबारच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती, म्हणून रात्री शहरातच राहणं भाग होतं. भावाकडे ऊसतोडीची टोळी येऊन बसलेली, त्याला थांबता येणार नव्हतं. मी म्हटलं, आबा माझ्याकडे राहतील. तेव्हाच माझ्या मनात आलं, या खेपेला जमेल. हॉटेल काही माझं घर नाही. तिथे रोज परकी माणसं जेवून जातात. तिथे तरी आबा माझ्यादेखत एक घास खातील. मला आणखी काहीही नको होतं. पन्नाशीला टेकलेल्या, दिवसभर लोकांची बिलं सहीसाठी अडवून धरणाऱ्या बाईची ही इच्छा, पण होती.

ऑपरेशन नीट झालं. आबांना खोलीत आणलं. त्यांनी पलंग दाबून पाहिला, एसी बंद करायला लावला, आणि धोतर सावरून पलंगाच्या कडेला बसले, सुरतेला सोफ्यावर बसतात तसेच. मी ताट मागवलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी मुद्दाम कमी तेलाची. आचाऱ्याच्या मागे उभी राहून करून घेतली होती. आबांनी ताटाकडे पाहिलं, आणि पिशवीतून फडक्यात बांधलेल्या स्वतःच्या भाकरी काढल्या.

"आबा, हाई घर नही. हॉटेल शे," मी म्हटलं.

"कोनं शे?"

"कंपनीनं."

"कंपनीना पैसा कोना हातमा शे?"

आबांनी वाट पाहिली. शेवटी मी म्हटलं, "मन्हा."

"मंग? जेना हातमा किल्ली, तोच मालक. आंडेरना घरनं पानी बी पेवानं नही, हाई तुले काय आज मालूम पडनं का?"

आंडेर म्हणजे लेक. हा शब्द आबा एरवी मायेने वापरतात. त्या दिवशी तो दार लावून घेतल्यासारखा वाटला. मी चिडले. मी चिडले की माझं डोकं नोकरीच्या वाटेने जातं, म्हणून मी खाली जाऊन ताटाचं रीतसर बिल बनवून आणलं. म्हटलं, घ्या, पैसे द्या आणि जेवा, सगळे देतात. आबांनी बिल डोळ्याजवळ नेलं, एका डोळ्याने वाचायचा प्रयत्न केला, आणि हसू दाबत परत केलं.

"बिल तूच बनाडस, पैसा तूच लेस, नी मी मधमा काय नाटक करू?" मग जरा थांबून म्हणाले, "तू चादरी मोजे तवय सांगती, तं खाई लेतू. तवय ते दुसरानं व्हतं."

मी लिनन रूममध्येच राहिले असते तर माझ्या बापाने माझ्यासमोर जेवण केलं असतं. ज्या शिडीवर चढताना माझी उमर गेली, तिची प्रत्येक पायरी त्या ताटाला आबांपासून लांब सारत होती, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. ते ताट मी स्वतः खाल्लं. भरीत चांगलं झालं होतं, पण मला चव लागली नाही. आबा फडक्यावरची भाकरी तिखटाच्या चटणीशी खात होते आणि मधूनच म्हणत होते, "खाय, खाय, गरम शे तवलोंग."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी काळा गॉगल दिला आणि म्हणाले, पाणी येतंय डोळ्याला, अजून एक दिवस राहू द्या, आणि पथाऱ्यांच्या वाऱ्यात फिरवू नका. भाकरी आदल्या रात्रीच संपल्या होत्या. भाऊ संध्याकाळशिवाय येऊ शकत नव्हता. आबांना साखरेची गोळी चालू आहे. ती घेतली की वेळेवर पोटात काहीतरी जावं लागतं. मी म्हटलं, बाहेरच्या खाणावळीतून डबा मागवते, पैसे तुमच्या हाताने द्या. मला वाटलं आता कोंडी फुटेल.

"नही," आबा म्हणाले. "आंडेरना घर उतरीसन भाईरनं खावानं? लोके काय म्हनतीन? पोरनी बापले जेवाडं नही म्हनतीन."

म्हणजे माझं खायचं नाही, कारण मी लेक. आणि बाहेरचं खायचं नाही, कारण त्यात लेकीची बेअब्रू. मी डोकं धरून बसले. हिशेबात अशी एखादी रक्कम येते, जी कुठल्याच खात्यात बसत नाही, आणि ती असते हेही नाकारता येत नाही. दवाखान्याच्या बाकावर मी त्यांना दोन बिस्किटं खायला लावली होती, ती दवाखान्याची म्हणून चालली. त्यावर माणूस किती वेळ काढणार? त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता. मला भीती वाटत होती, रागही येत होता, आणि या दोन्हींच्या खाली निव्वळ थकवा होता. एवढी वर्षं परक्या माणसांना जेवू घालण्याचे हिशेब केले. आणि हा एक माणूस उपाशी बसून माझ्याकडे प्रेमाने बघत होता.

तेवढ्यात मॅनेजरने खाली बोलावलं. मीटिंग कशाची, तर कर्मचाऱ्यांच्या जेवणाचा खर्च वाढला त्याची. हॉटेलात प्रत्येक ताटाला एक खातं असतं. पैसे देणाऱ्या पाहुण्याचं वेगळं, कंपनीने कुणाला फुकट जेवू घातलं तर त्याचं वेगळं. आणि तिसरं ड्यूटी मील, म्हणजे कामावर आलेल्या माणसाचं जेवण. ते विकत नसतं, पण फुकटही नसतं. काम केलं म्हणजे ते ताट त्याचं असतं, त्यात कुणाचे उपकार नाहीत. मॅनेजर म्हणत होते यातलं एक कडधान्य कमी करू. मी म्हटलं, करायचं नाही, आणि ज्या सुरात म्हटलं त्याने ते जरा दचकले. मीटिंग लवकर संपली.

वर आले तर खोली रिकामी. बाथरूममध्ये नाहीत, गॅलरीत नाहीत. चपलाही नव्हत्या. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले, रिसेप्शनला विचारलं, बाहेरच्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, एक म्हातारे बाबा मागच्या बाजूला गेले, भाजीच्या टेम्पोकडे.

मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पत्र्याखाली कर्मचाऱ्यांचा मेस आहे. तिथला स्वयंपाक करणारी बाई धडगावकडच्या डोंगरातली. घरी ती पावरी बोलते, इथे सगळ्यांशी तिची वेगळीच मराठी. तिने तुरीच्या ओल्या शेंगांचं पोतं गोणपाटावर ओतलं होतं आणि तीन-चार जणी सोलायला बसल्या होत्या. त्यांच्यात पांढरी टोपी, काळा गॉगल लावलेले आबा मांडी घालून बसले होते आणि शेंगा सोलत होते. बघायची गरज नव्हती त्यांना, बोटांना सगळं माहीत होतं. पुढ्यात हिरव्या दाण्यांचा मोठा ढीग झाला होता.

मी धावत गेले. "आबा, काय करी ऱ्हायनात? डोयामा काही जाई ना!"

"डोयाले गॉगल शे," ते म्हणाले. "बठा बठा कटाळी गयतू."

ती बाई मला पाहून गडबडून उभी राहिली. तिला वाटलं होतं हे टेम्पोबरोबर आलेले भाजीवाल्याचे बाबा. "मला नाही माहीत, मॅडम. बाबा आले, म्हणले, काय काम आहे का? म्हणलं, शेंगा सोला," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, राहू दे, काही झालं नाही. आबांना उठवायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. पोतं संपेपर्यंत ते उठले नाहीत. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसून राहिले. साडीला माती लागली. फोन सारखा वाजत होता, मी घेतला नाही. आबा हळूच म्हणाले, तुन्ही मायले ओल्या तुरीनी आमटी भलती आवडे. मी हो म्हटलं. आम्ही दोघं तिच्याबद्दल इतकंसुद्धा फार दिवसांनी बोलत होतो.

मग मेसची घंटा झाली. खोल्या झाडणाऱ्या बायका, धुलाईवाले, माळी, सगळे रांगेत ताटं घेऊन उभे राहिले. त्या बाईने मोठ्याने हाक मारली, "शेंगावाले, चला जेवायला!" आणि आबा उठले. त्यांनी हात धुतले, रांगेत उभे राहिले, ताट घेतलं. पुढे आल्यावर त्यांनी तिला विचारलं, "हाई कसानं शे?"

"कसलं म्हणजे? कामाचं," ती म्हणाली. "सगळ्यांना मिळतं."

आबांनी मान हलवली आणि ताट पुढे धरलं. तुरीच्या दाण्यांची आमटी, भाकरी, कांदा. मीही रांगेत उभी राहिले. मॅडम इकडे कशा, म्हणून माणसं बाजूला सरली, मी नको म्हटलं. रांगेतच राहिले. माझं ताट घेऊन आबांच्या समोर बाकावर बसले. त्यांनी गॉगलमधून माझ्या ताटात डोकावून पाहिलं.

"तुले बी हाईच देतस?"

"हाईच. मी बी आठे कामले शे ना, आबा."

ते हसले. भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि खाल्ली. एक खाल्ली, मग दुसरी मागून घेतली. मी जेवत नव्हते, बघत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते लपवलं नाही. पलीकडच्या धुलाईवाल्याने पाहिलं आणि मान फिरवली. आबांनी समोरच्या जगमधून पेल्यात पाणी ओतलं, आणि सगळं पिऊन टाकलं. घशाखाली पाणी उतरताना मी पाहिलं. लग्नानंतर मी जिथे राहत होते तिथलं पाणी आबा प्यायले, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

"मी तुन्हं नही खाधं," पेला खाली ठेवून ते म्हणाले. आवाजात खोडकरपणा होता. "मन्हा कामनं खाधं."

"हा, आबा."

ते बराच वेळ ताटाच्या कडेवरून बोट फिरवत बसले. आजूबाजूची माणसं उठून आपापली ताटं धुवायला ठेवत होती. मग माझ्याकडे न बघता, खालच्या आवाजात म्हणाले, "सुरतले येसू तवय तुन्हा घर बी मन्हासाठे काही काम काढी ठेवजो."

मला नातवंड देता आलं नाही, आणि या माणसाने इतकी वर्षं त्याची वाट पाहून आता वाट पाहणं थांबवलं होतं. माझ्या मनाला लागू नये म्हणून तो माझ्या घरी लसूण सोलायलाही तयार झाला होता.

"काढी ठेवसू, आबा," मी म्हटलं. "मन्हा घर काम भलतं शे."